मोटरहोमचा पंप पळतो पण नळाला धार नाही : वाचकांचे प्रश्न

या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न पाण्याचेच आलेत. साहजिक आहे, सुट्ट्या लागल्या की लोक गाड्या बाहेर काढतात आणि कित्येक महिने कोरडी पडलेली पाण्याची लाईन पहिल्याच मुक्कामाला रंग दाखवते. आपल्याकडं मोटरहोम (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) म्हणजे कारखान्यातून तयार होऊन आलेली गाडी कमी, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर विंगर घेऊन ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून आतलं काम करून घेतलेली जास्त, त्यामुळं प्रत्येकाचं प्लंबिंग वेगळं आणि कुठला पाईप कुठून गेलाय हे सांगणारा नकाशा कुणाकडंच नाही. पंप मात्र बहुतेकांकडं एकाच जातीचा, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप, म्हणजे आतला रबरी पडदा हलवून पाणी ढकलणारा. नळ उघडला की लाईनीतला दाब पडतो आणि हा सुरू होतो, नळ बंद केला की दाब चढतो आणि प्रेशर स्विच त्याला बंद करतो. लेबलवर ३५, ४५ किंवा ५५ पीएसआय लिहिलेलं असतं तो हा बंद व्हायचा दाब. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : आमच्या ट्रॅव्हलरमधे मागं १०० लिटरची टाकी, पुढं बेसिन आणि शॉवर. धार करंगळीएवढी यायली म्हणून मिस्त्रीच्या सांगण्यावरून मोठा पंप टाकला, तर आता पहिल्यापेक्षा कमी यायलंय. कामून? इंजिन चालू असलं की जरा बरं येतं.
— एक वाचक, परभणी

उत्तर : दादा, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं आहे आणि तेच तुम्ही जाता जाता लिहिलंय. इंजिन चालू झालं की अल्टरनेटर १४ व्होल्टच्या आसपास देतो, बंद असताना बॅटरीचे साडेबारा. म्हणजे तुमच्या पंपाला पाणी कमी नाही, करंट पोचत नाही.

बघा, असा पंप लोडवर ७-८ अँपियर खातो. घरच्या २३० व्होल्टला ७ अँपियर म्हणजे काही विशेष नाही, पण १२ व्होल्टमधून वायरीनं एक-दीड व्होल्ट खाल्ला तर उरलं काय? हिशेब करून टाकू. बॅटरी मागं, पंप पुढं, एका बाजूचं अंतर ५ मीटर धरलं तर जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर झाली. ती १ स्क्वेअर एमएमची असेल तर ७ अँपियरला साधारण सव्वा व्होल्ट वायरीतच जातो. तीच ४ ची टाकली तर ०.३ व्होल्ट. आता मोठा पंप जास्त अँपियर ओढतो म्हणजे त्याच बारीक वायरीत आणखी व्होल्ट पडतात, आणि म्हणून मोठा पंप लावल्यावर धार वाढायच्या ऐवजी घटली. मिस्त्रीचा दोष काढत नाही, पण फॅब्रिकेटर लोक लाईटच्या पट्ट्यांना टाकतात तीच वायर पंपाला टाकून मोकळे होतात हे मी लई गाड्यांत बघितलंय.

मोजायची पद्धत साधी आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, नळ पूर्ण उघडा, आणि पंप पळत असताना थेट पंपाच्या दोन वायरींवर मोजा. पंप बंद असताना मोजलं तर १२.६ दाखवील आणि तुम्ही म्हणाल सगळं ठीक आहे, तिथंच बहुतेक लोक फसतात. चालू असताना बॅटरीवर १२.४ आणि पंपावर १०.८ असं आलं तर चोर मधल्या रस्त्यात आहे. मग मीटरचा एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरा पंपाच्या प्लसवर ठेवा, जे आकडे दिसतील तेवढे व्होल्ट प्लसच्या बाजूला हरवले. तसंच मायनसला करा. मायनस पुष्कळदा बॉडीला अर्थ केलेला असतो, त्या बोल्टखाली रंग किंवा गंज असतो, तेवढं पॉलिश पेपरनं घासून, लग (वायरीच्या टोकाची कडी) नीट दाबून बोल्ट परत घट्ट आवळला तरी फरक पडतो. आणि स्विच बघा. घरात पंख्या-लाईटला लावतो तसलं ६ अँपियरचं बटन डीसीवर टिकत नाही, बंद करताना आत ठिणगी लांबते आणि कॉन्टॅक्ट जळतात. पंप चालू ठेवून बटनाला हात लावा, कोमट लागलं तर बदला.

व्होल्ट कमी पडल्याची आणखी एक खूण सांगतो, नळ बंद केला तरी पंप थांबत नाही, घरघरत राहतो. त्याच्यात बंद व्हायच्या दाबापर्यंत चढायची ताकदच उरलेली नसते. लोकांना वाटतं प्रेशर स्विच गेला आणि मग ते त्याचा बारका स्क्रू पिळत बसतात. त्या स्क्रूला हात लावू नका, निदान व्होल्ट मोजेपर्यंत तरी.

जुना पंप फेकला नसेल तर वायर बदलून तोच लावून बघा, मोठा परत घेतील का हे दुकानदाराला विचारा.

प्रश्न : दुपारी पाणी गुळण्या केल्यासारखं फस्-फस् करत येतं, पहाटे तोच नळ झकास चालतो. पंप नवाच आहे. कुठंही पाणी गळत नाही.
— एक वाचक, नांदेड

उत्तर : गळत नाही म्हणूनच सापडत नाहीये. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू म्हणजे सक्शन, तिथं फट असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. विहिरीवरच्या मोटरनं हवा धरली की काय होतं हे शेतकऱ्याला सांगायला नको, तेच इथं लहान प्रमाणात.

पंपाच्या तोंडाशी एक पारदर्शक वाटी असते, आत बारीक जाळी. पंप चालवून टॉर्च मारून त्या वाटीत बघा. बुडबुडे पळताना दिसले तर हवा टाकीकडून येतेय. वाटी उघडा, तिच्या कडेला रबराची रिंग असते ती चिरली असेल किंवा जाळी साफ करून परत बसवताना पिळा पडून बसली असेल. रिंग पुसून, जागेवर सपाट बसवून, हातानंच घट्ट करा, पान्हा लावला की प्लास्टिकला तडा जातो. त्याच हातानं जाळी पण धुऊन घ्या, टँकरचं पाणी भरलेलं असेल तर तळाला चिकट पिवळा गाळ बसलेला असणारच.

आता दुपारचं कोडं. एप्रिल-मे मधे तुमच्याकडं ४२-४३ अंश म्हणजे रोजचं, बंद गाडीत आणि फ्लोअरखाली त्याहून किती तरी जास्त. टाकी ते पंप जर साधा पारदर्शक पीव्हीसी पाईप टाकला असेल तर तो दुपारी मऊ पडतो आणि पंपानं ओढलं की चपटा होतो, पहाटे गार झाला की परत गोल. पलंगाखालची फळी काढा, भर दुपारी कुणाला तरी नळ उघडायला सांगा आणि पाईपकडं बघत बसा, डोळ्यासमोर मिटताना दिसेल, विशेषतः वळणावर. इलाज म्हणजे आत तारेची स्प्रिंग असलेला सक्शन पाईप, मोंढ्यात पाईप-मोटरच्या कुठल्याही दुकानात मीटरवर मिळतो. होज क्लिपा नव्या घ्या. जुन्या क्लिपा ऊन-थंडीनं सैल झालेल्या असतात आणि तुमची दुसरी हवा तिथूनच येत असेल.

एक खात्रीचा उपाय, सक्शनचा पाईप टाकीकडून काढून भरलेल्या बादलीत बुडवा आणि नळ उघडा. बादलीतून धार चांगली आली तर पंप निर्दोष, टाकीकडं बघा. बादलीतूनही रड असेल तर पंपाच्या बाहेर जाणारा पाईप काढून सरळ दुसऱ्या बादलीत सोडा, मिनिटाला ११ लिटरचं लेबल असलेल्या पंपानं १० लिटरची बादली मिनिटभरात भरायला पाहिजे. भरली तर घोळ पंपाच्या पुढं. बघा, एक रुपया खर्च न करता निम्मी गाडी बाद झाली.

प्रश्न : स्वयंपाकाच्या नळालाच पाणी कमी आहे, बाथरूमला भरपूर. पंप बदलावा का?
— एक वाचक, औंढा नागनाथ

उत्तर : ताई, एका नळाला भरपूर येतंय म्हटल्यावर पंपाचं नावच घेऊ नका. नळाच्या तोंडाशी चक्री असते ती उलटी फिरवून काढा, आत जाळी आहे. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, क्षाराचा पांढरा थर जाळीवर बसतो आणि मधे दोन-चार भोकंच उरतात. वाटीत व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी घेऊन तासभर बुडवून ठेवा, जुन्या ब्रशनं घासा. जाळी काढून नळ उघडल्यावर सुद्धा धार बारीकच असेल तर सिंकखाली बघा, ड्रॉवर पूर्ण मागं ढकलला की त्याचा मागचा कोपरा पाईप दाबतो. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, कपाट-ड्रॉवर नंतर बसवलेल्या गाड्यांत हमखास असतं.

प्रश्न : सगळे नळ बंद करून झोपतो तरी रात्रीतून पंप मधेच घर्र करून थांबतो, परत वीस-पंचवीस मिनिटांनी घर्र. झोप लागू देईना. टाकीतलं पाणी पण सकाळी कमी वाटतं.
— एक वाचक, लातूर

उत्तर : लातूरकरांना पाण्याची किंमत मी सांगायची गरज नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव आहे ते. तर, लाईनीतला दाब कुठून तरी उतरतोय म्हणून पंप परत उठतोय. दाब उतरायच्या वाटा दोनच, एक तर पुढं कुठंतरी पाणी गळतंय, नाहीतर पंपाच्या आतला व्हॉल्व सैल आहे आणि पाणी उलटं टाकीत जातंय.

टाकी कमी होतेय म्हणता म्हणजे पहिलीच शक्यता जास्त. तरी खात्री करायची तर पंपाच्या बाहेरच्या बाजूला एक बॉलव्हॉल्व बसवून घ्या, नसला तर, स्वस्त असतो आणि जन्मभर कामाला येतो. रात्री तो बंद करून पंप चालू ठेवा. पंप शांत झाला तर गळती पुढं. तरीही घर्र करत राहिला तर पंपाच्या डोक्यात कचरा अडकलाय, चार स्क्रू काढून आतले रबरी व्हॉल्व धुवायचे, पुष्कळदा टाकीला भोक पाडताना निघालेला प्लास्टिकचा कीस तिथं जाऊन बसलेला असतो.

गळती शोधायला हात फिरवून उपयोग नाही, उन्हाळ्यात ओल हाताला लागायच्या आधी वाळते. प्रत्येक जॉईंटखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवा आणि सकाळी बघा, वाळला तरी डाग राहतो. टॉयलेटच्या फ्लशचा व्हॉल्व, शॉवरचा मिक्सर, गीझरचा सेफ्टी व्हॉल्व आणि गाडीच्या पोटाखालचा ड्रेन कॉक, एवढ्या चार जागा आधी. ड्रेन कॉक तर आपल्या रस्त्यांवर दणके खाऊन खाऊन स्वतःच पाव फेरा उघडतो. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला चार लिटरच्या वर जातं, आणि ते सगळं प्लायवूडमधे मुरत असेल तर पंपापेक्षा प्लायवूडची काळजी करा.

रात्रीतून एखाद्याच वेळी, ते सुद्धा गीझर बंद केल्यावर तास-दोन तासांनी पंप कुरकुरला तर ते सोडून द्या, टाकीवाल्या गीझरमधलं गरम पाणी गार होताना आकसतं आणि दाब किंचित पडतो. आणि काहीही असो, झोपताना आणि गाडी चालवताना पंपाचं बटन बंद ठेवायची सवय लावा. रात्री एखादा जॉईंट निसटला तर पंपाला काय कळतंय, त्याच्या लेखी कुणीतरी नळ उघडलाय, अख्खी टाकी फरशीवर ओतून मोकळा होईल.

प्रश्न : पहिले पाच मिनिटं पाणी जोरात, मग कमी कमी होत जातं. अर्धा तास थांबलं की परत जोरात. तुळजापूरला गेलो तेव्हा पाच जणांच्या आंघोळीला सकाळ गेली.
— एक वाचक, धाराशिव

उत्तर : पुढच्या वेळी धार मंदावली की टाकीचं झाकण उघडा. सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि लगेच धार वाढली तर समजा टाकीचा श्वास कोंडलाय. टाकीतून १० लिटर पाणी बाहेर गेलं तर १० लिटर हवा आत यायला पाहिजे, त्यासाठी बारीक व्हेंट पाईप असतो आणि त्याचं तोंड गाडीच्या बाहेरच्या पत्र्यावर असतं. गाडी वाड्याबाहेर दोन-तीन महिने उभी राहिली की कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते, बाहेरून बघितलं तर रंगाला लागलेला चिखल वाटतो. लवचिक तार घालून कोरून काढा, आणि कोरताना तोंड बाजूला ठेवा, आत कोण असेल सांगता येत नाही. नंतर त्यावर बारीक स्टीलची जाळी बांधा, कापूस-बोळा कोंबू नका, नाहीतर कुंभारणीनं केलं तेच आपण केलं.

व्हेंट साफ असेल तर तो पाईप मधे कुठं खाली लोंबलाय का ते बघा. लोंबलेल्या जागी पाणी साठतं आणि तेही बुचासारखंच काम करतं. टाकी भरताना पाणी उलटं अंगावर उडत असेल तर तीही याचीच खूण. दुर्लक्ष केलं तर टाकीच्या भिंती आत ओढल्या जाऊन शिवणीला तडा जातो.

प्रश्न : फवारणीच्या बॅटरी पंपातली मोटर १२ व्होल्टचीच असते, दिसायला पण सेम. ती लावली तर? आमच्याकडं दोन पडून आहेत.
— एक वाचक, गेवराई

उत्तर : डोकं बरोबर चाललंय तुमचं, ती डायफ्रॅम जातीचीच मोटर आहे. पण पडून असलेल्या दोन्ही बाद. कीटकनाशक एकदा त्या रबरातून गेलं की तुम्ही कितीही धुवा, त्या पाण्यानं चूळ भरायची नाही, भांडी घासायची नाही. गाडीत त्या मोटरी आणूच नका.

कोरी नवी आणून लावली तर चालेल का? हात-पाय धुवायला चालेल, पण साधारण मिनिटाला तीन-चार लिटरच देते. ती बनवलीय बारीक नोझलमधून जोरात तुषार मारायला, शॉवरखाली भिजायला नाही. दाब मात्र जास्त चढवते, त्यामुळं ढकलून बसवायचे पाईप जॉईंट गळायला लागतात. पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलाच पंप घ्या.

प्रश्न : बाथरूमच्या भिंतीला गॅस गीझर लावलाय. आंघोळीच्या मधे पेटतो-विझतो-पेटतो, एक तांब्या चटका एक तांब्या गार. पंप पण टक्-टक्-टक् चालू-बंद होतो.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पंपाचं नंतर, आधी गीझरचं. बाथरूमच्या आतल्या भिंतीला असेल तर आजच्या आज वापर बंद करा. गॅस जळताना कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, आणि गाडीतलं बाथरूम म्हणजे कपाटाएवढी जागा. घरच्या मोठ्या बाथरूममधे माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. गीझर बाहेरच्या बाजूच्या कप्प्यात, धूर सरळ बाहेर जाईल असा घ्या, आणि आत कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म लावा.

आता टक्-टक्. तुम्ही पाणी वाचवायला शॉवर अर्धाच उघडत असणार. पंप मिनिटाला देतो ११ लिटर, शॉवर घेतो ३-४, मग क्षणात दाब चढतो, स्विच बंद करतो, क्षणात पडतो, परत चालू. गीझर पाण्याच्या जोरावर पेटतो, त्याला प्रत्येक टक् ला वाटतं नळ बंद झाला. यावर उपाय म्हणजे ॲक्युम्युलेटर, लिटरभराची छोटी प्रेशर टाकी, आत रबराचा पडदा, एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी. पंपानंतर लगेच, गीझरच्या आधी लावायची. हवेचा व्हॉल्व सायकल-मोटरसायकलसारखाच असतो, हातपंपानं भरता येतो. फक्त भरताना पंप बंद आणि नळ उघडा पाहिजे, लाईनीत दाब असताना भरली तर माप चुकतं. पंप ज्या दाबाला परत सुरू होतो त्याच्या जवळपास, किंचित कमी ठेवा. अशी टाकी बसवलेली असूनही टक्-टक् होत असेल तर तिची हवा उतरलीय.

प्रश्न : पंपाची कटकटच नको, टपावर काळी टाकी ठेवली तर पाणी आपोआप खाली येईल ना?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : येईल, पण १० मीटर उंचीला १ बार दाब मिळतो. टपावरची टाकी नळापासून फार तर दीड मीटर वर, म्हणजे ०.१५ बार, आणि पंप देतो २ ते ३ बार. हात धुता येतील, शॉवर विसरा. शिवाय १०० लिटर म्हणजे १०० किलो डोक्यावर घेऊन घाटात वळायचं. टाकी खालीच बरी.

प्रश्न : बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत लोक मुक्कामाच्या जागेच्या नळाला पाईप लावून सरळ गाडीत पाणी घेतात, पंप बंदच ठेवतात. आम्ही शेतात थांबतो तेव्हा बोअरच्या मोटरचा पाईप तसा जोडला तर?
— एक वाचक, जालना

उत्तर : जोडू नका. त्या व्हिडिओत नळाजवळ पितळेची एक बारकी वस्तू दिसेल, ती प्रेशर रेग्युलेटर, कितीही दाब आला तरी गाडीत ४०-५० पीएसआयच्या वर जाऊ देत नाही. तुमची सबमर्सिबल ३०० फुटांवरून पाणी वर फेकते, म्हणजे नऊ बारच्या वरची ताकद, पीएसआयमधे १३० च्या पुढं. त्यातली बरीच पाणी वर आणण्यातच जाते, पण उरलेली सुद्धा गाडीच्या लाईनीत सोडली तर सगळ्यात कच्चा जॉईंट आधी उडेल आणि तो नेमका पलंगाखालचा असेल.

टाकी भरायला बोअरचं पाणी चालतं, पण पाईप टाकीच्या तोंडात सैल सोडायचा, कापड गुंडाळून घट्ट बसवायचा नाही. तसा बसवला आणि व्हेंट बारीक असला तर टाकी फुगून फुटते. तोंडाला दुपदरी सुती कापडाची गाळणी धरा, बोअरची पहिली धार लाल येते ती आधी बाहेर जाऊ द्या. आणि भरून झाल्यावर पाईप काढून ठेवा, शिवाय स्टार्टरवरचा ऑटो बंद आहे का बघा, नाहीतर रात्री दोनला लाईट येईल, मोटर आपोआप सुरू होईल आणि तुम्ही आत झोपलेले असाल.